वार्धक्याची मोजणी आणि स्त्री : दीर्घकालीन सर्वेक्षणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जनगणना वृद्धांची संख्या सांगते. वार्धक्याची प्रक्रिया सांगत नाही. सत्तरीतील व्यक्तींची प्रकृती पन्नाशीतील व्यक्तींपेक्षा खालावलेली आढळली, तर तो वयाचा परिणाम की दोन पिढ्यांच्या आहार, शिक्षण व श्रम यांतील फरकाचा, हे एकवेळच्या पाहणीतून ठरविता येत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींकडे वर्षानुवर्षे पुन्हा जावे लागते. या संशोधनपरंपरेने कोणाचे वार्धक्य ‘मानवी वार्धक्य’ म्हणून मोजले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुरुषांचे वार्धक्य

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५८ मध्ये नेथन शॉक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला अभ्यास या परंपरेतील आद्य प्रयत्नांपैकी एक होय. निरोगी स्वयंसेवकांची ठरावीक काळाने तपासणी करणे, ही त्याची पद्धत होती. मात्र पहिली वीस वर्षे त्यात केवळ पुरुष होते. स्त्रियांना १९७८ मध्ये प्रवेश मिळाला. परिणामी १९८४ मध्ये या अभ्यासावरील ग्रंथ ‘सर्वसामान्य मानवी वार्धक्य’ अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील निष्कर्ष पुरुषांविषयीचेच होते.

निवृत्तीच्या अभ्यासातही हेच घडले. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने १९६९ ते १९७९ या काळात ५८ ते ६३ वयोगटातील व्यक्तींचा पाठपुरावा केला. नमुन्यात पुरुष आणि पतीविना राहणाऱ्या स्त्रिया होत्या; विवाहित स्त्रीला स्वतंत्र उत्तरदात्याचे स्थान नव्हते. पतीच्या निधनानंतर मात्र तिची मुलाखत घेतली जाई. म्हणजे वैधव्य हेच तिचे सर्वेक्षणातील प्रवेशद्वार ठरले.

दांपत्य हा एकक

ही उणीव १९९२ मध्ये मिशिगन विद्यापीठाने हाती घेतलेल्या आरोग्य व निवृत्ती अभ्यासात बऱ्याच अंशी दूर झाली. १९३१ ते १९४१ या काळात जन्मलेल्यांची निवड करताना त्यांच्या जोडीदारांच्याही, वय कोणतेही असो, मुलाखती घेण्यात आल्या. दर दोन वर्षांनी आरोग्य, उत्पन्न, संपत्ती व कौटुंबिक आधार यांची एकत्रित नोंद होऊ लागली. उत्तरदात्याचे निधन झाल्यास त्याच्या अखेरच्या काळाची माहिती निकटवर्तीयाकडून घेतली जाते. याच धर्तीवर इंग्लंडमध्ये २००२ मध्ये, युरोपातील अनेक देशांत २००४ मध्ये आणि चीनमध्ये २०११ मध्ये अशी सर्वेक्षणे सुरू झाली.

भारतीय टप्पा

भारतात २०१० मध्ये कर्नाटक, केरळ, पंजाब व राजस्थान या चार राज्यांत पथदर्शी पाहणी झाली. पुढे मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या सहकार्याने भारतीय दीर्घकालीन वार्धक्य सर्वेक्षणाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये राबविली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल ७२,२५० व्यक्तींच्या माहितीवर आधारित आहे; त्यांपैकी ३१,४६४ व्यक्ती साठ वर्षांवरील होत्या. ४५ वर्षांवरील व्यक्तींसह त्यांच्या जोडीदारांचाही, वयाची अट न ठेवता, समावेश करण्यात आला. मुलाखतीबरोबर रक्तदाब व मुठीची पकड मोजली गेली आणि बोटातील रक्ताचे थेंब कागदावर सुकवून नमुने घेण्यात आले.

२०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकसंख्येत स्त्रिया सुमारे ५.३ कोटी, तर पुरुष सुमारे ५.१ कोटी होते. म्हणून हा बदल केवळ पद्धतीपुरता मर्यादित नाही. शेतमजुरी करणाऱ्या किंवा घरकाम सांभाळणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात निवृत्तीची तारीख नसते. पाश्चात्त्य प्रश्नावलीचा ‘निवृत्ती’ हा कणाच तिला लागू पडत नाही. तिची प्रकृती, तिचे काम व तिच्या नावावरील मालमत्ता यांविषयी पतीने किंवा मुलाने दिलेले उत्तर तिच्या उत्तराची जागा घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

नमुन्यातून वगळलेली व्यक्ती निष्कर्षांतून आणि पुढे धोरणांतूनही वगळली जाते, हे बाल्टिमोरच्या इतिहासावरून स्पष्ट होते. भारतीय सर्वेक्षणाने स्त्रीला प्रारंभापासून उत्तरदाता मानले, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. तथापि पहिली फेरी ही केवळ आधाररेषा असते. त्याच स्त्रीकडे पुन्हा जाणे, ती मुलाच्या घरी वा अन्य गावी गेली असल्यास तिचा शोध घेणे, यावरच या सर्वेक्षणाचे ‘दीर्घकालीन’ हे विशेषण सार्थ ठरणार आहे.