गुडघ्याचें दुखणें आणि लहान छेद

सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढणाऱ्या वृद्धांना गुडघ्याचा संधिवात नवा नाहीं. सांध्यांतील उग्र वेदनेवर सुश्रुतानें अग्निकर्म, म्हणजे डाग देणें, सांगितलें. १९१८ सालीं टोकियोंत केंजी ताकागी यांनीं मूत्राशय पाहण्याची नळी शवाच्या गुडघ्यांत घालून सांधा आंतून पाहिला. पुढें अशाच नळीनें, लहान छेदांतून, झिजलेला सांधा धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. परंतु २००२ सालीं ह्यूस्टन येथील १८० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्यांच्या केवळ कातडीला छेद दिला, त्यांनाहि तितकाच आराम पडला होता. नासिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेंत १९९८ पासून आयुर्वेद व आधुनिक वैद्यक दोन्ही आहेत. डाग असो वा नळी, जखम लहान एवढ्यानें उपाय सिद्ध होत नाहीं. तुलनेची कसोटी दोहोंनाहि सारखीच.