माती होणे

मराठीत एखाद्या गोष्टीची 'माती झाली' म्हणजे तिचा नाश झाला. इंदूरकरांनी तरी हा अर्थ एकदा तपासून पाहावा.

आपल्याकडे विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. ही एकाच वस्तूची तीन रूपे आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट झाला. ऊन, पाणी आणि मुळे यांनी त्याला झिजवले, तेव्हा त्यातील खनिजांची चिकणमाती बनली. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती हीच.

निसर्गाला यासाठी हजारो वर्षे लागली. कस मात्र थोड्या पिकांतच उतरतो. तो परत आणण्याचा मार्ग इंदुरातच सापडला. 1924 साली येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडत, मग गोठ्यात बैलांखाली अंथरत. पुढे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांसह 30 फूट लांब, 14 फूट रुंद खड्ड्यात थर लावत. आधी बुरशी, मग जीवाणू आपले काम करीत. तीनदा वरखाली केले की तीन महिन्यांत खत तयार होई. जगभर हीच 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली.

1931 साली याविषयीचे पुस्तक निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव आहे. जगाने हॉवर्डना लक्षात ठेवले. वाडांचे नाव आपण मराठी मंडळीही क्वचितच घेतो.

माझ्या औषधपेटीतले कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्यापासून होते. जिवाने घडवलेला तो चुनाच. जैन दर्शन सांगते, पर्याय उपजतात आणि लय पावतात, द्रव्य टिकते. पऱ्हाटीची माती झाली, तेव्हा नाश कशाचा झाला?

संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. सभोवती मात्र काळ्या शेतांवर वसाहतींचे काँक्रीट पसरते आहे. पऱ्हाटीला माती व्हायला तीन महिने पुरले. काँक्रीटखाली गेलेले शेत पुन्हा शेत कधी होणार, याचा हिशेब आपणच मांडायचा आहे.