मूठ : हाताची आणि शस्त्राची

मराठीत 'मूठ' हा एकच शब्द दोन गोष्टींना लागतो. बोटे मिटली की हाताची मूठ होते. आणि सुरी, कट्यार किंवा तलवार जिथे धरायची, तीही मूठच. संस्कृतात तलवारीच्या मुठीसाठी 'त्सरु' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तो रुळला नाही. 'मुष्टि'पासून आलेला शब्दच आपण हातालाही वापरला आणि वस्तूलाही. धरणारे आणि धरले जाणारे यांत भाषेने भेद केला नाही.

शस्त्रांच्या इतिहासलेखनाने मात्र तो केला. आपल्याकडे तलवारीविषयी जे लिहिले जाते त्यात पाते असते : पोलाद कुठले, नाव काय, ती कोणाच्या कमरेला होती. मुठीचा उल्लेख आलाच तर तिच्यावरील सोन्यापुरता किंवा रत्नांपुरता. ती हातात कशी बसत असे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक मुठीचे सौंदर्य आणि तिची सोय यांचा उलगडा याच प्रश्नातून होतो.

उत्तर हिंदुस्थानात आणि दख्खनमध्ये सर्वत्र दिसणारी तलवारीची मूठ घ्या. बहुधा ती पूर्णपणे लोखंडी असते. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांकडे निमुळती, आणि वरच्या टोकाला एक गोल तबकडी. पात्याचे शेपूट या पोकळ मुठीत घालून लाखेच्या किंवा राळेच्या मिश्रणाने पक्के करीत. अशी तलवार हाती घेणाऱ्या युरोपीय संग्राहकांची एक तक्रार ठरलेली असे : मूठ फार आखूड आहे, आणि तबकडी मनगटाला टोचते. यावरून हिंदुस्थानी माणसांचे हात लहान असले पाहिजेत, असे अनुमानही काढले गेले. मूठ चुकीची नसेल तर हात वेगळा असणार. आपली धरण्याची रीत वेगळी असू शकेल, हा विचार त्या अनुमानात नव्हता.

ही तलवार खुपसण्यासाठी नव्हे, तर ओढून कापण्यासाठी होती. वक्र पाते खांद्यापासून फिरवून अंगावर ओढले जाते, आणि त्या वेळी हातातली मूठ सैल असून चालत नाही. आखूड मूठ चार बोटांना घट्ट एकत्र ठेवते. तबकडी मनगटाला पुढे झुकू देत नाही. युरोपीय पद्धतीने हात पुढे ताणून टोक रोखू पाहणाऱ्याला तीच तबकडी टोचणार, हे उघड आहे. म्हणजे ज्याला गैरसोय म्हटले गेले ती दुसऱ्या एका हालचालीची सोय होती.

हे ज्याच्या ध्यानात आले असा एक युरोपीय साक्षीदार आहे. लुई नोलन या ब्रिटिश घोडदळाच्या अधिकाऱ्याने 1853 साली घोडदळाच्या इतिहासावर व डावपेचांवर पुस्तक प्रसिद्ध केले. निजामाच्या घोडेस्वारांनी एका चकमकीत बंडखोरांवर केलेल्या जखमा किती भयंकर होत्या, हे कळल्यावर त्याने त्यांच्या तलवारींची चौकशी केली. उत्तर अनपेक्षित होते. पाती बहुतांशी ब्रिटिश पलटणींनी टाकून दिलेली जुनी पाती होती! स्वारांनी ती आपल्या रीतीने बसवली होती, वस्तऱ्यासारखी धार लावली होती, आणि धार बोथट होऊ नये म्हणून लाकडी म्यानांत ठेवली होती. नोलनचा भर मुख्यतः धारेवर आणि म्यानावर आहे. पण जाता जाता तो मुठीविषयीही एक मार्मिक गोष्ट नोंदवतो. या मुठी धातूच्या, पकडीला बारीक आणि किंचित चपट्या होत्या. ब्रिटिश मुठींसारख्या गोल नव्हत्या. गोल मुठीने धार क्वचितच नेमकी पडते, असे त्याचे मत होते.

सुरीची उत्तम मूठ कशी असावी, याचे पहिले सूत्र या निरीक्षणात आहे. गोल दांडा हातात कसाही फिरतो आणि धार कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावे लागते. लंबगोल किंवा चपटी मूठ मात्र न पाहता तळव्याला धारेची दिशा सांगते. मुठीची सोय म्हणजे मऊपणा नव्हे. अंधारातही हाताला माहिती देत राहणे, ही तिची सोय. आजही हाताने एकेक सुरी घडवणारे कारागीर मुठीचा छेद लंबगोल ठेवतात, तो याच कारणासाठी.

अर्थात, सोय कामागणिक बदलते. आपल्या स्वयंपाकघरातल्या विळीला मूठच नाही. पाते स्थिर असते आणि हलते ती भाजी. कट्यारीत याच्या नेमके उलट आहे. तिची मूठ पात्याला आडवी : दोन समांतर बाजूंमध्ये बसवलेल्या आडव्या दांड्या. त्या मुठीत धरल्या की पाते थेट मुठीच्या पुढे येते, बाजूच्या पट्ट्या मनगटाला आधार देतात, आणि ठोशाचे सारे बळ सरळ टोकाशी पोचते. दांडपट्ट्यात ही कल्पना आणखी पुढे जाते. तिथे हात कोपराच्या दिशेने लोखंडी खोळीत जातो, आतली आडवी दांडी धरतो, आणि मनगट वाकणेच थांबते. मनगटाचे स्वातंत्र्य देऊन टाकायचे आणि खांद्याची ताकद मिळवायची, असा हा सौदा आहे. वेगवेगळ्या मुठी म्हणजे हाताशी केलेले वेगवेगळे करार होत.

मग सौंदर्याचे काय? त्यासाठी मोगल दरबाराकडे वळावे लागते. कारण तिथे खंजिराची मूठ हा पोशाखाचा भाग होता. खंजीर पटक्यात खोचला जाई आणि दिसे ती फक्त मूठ. जहांगीराने आपल्या आठवणींत पूरण आणि कल्याण या दोन कारागिरांची नावे घेतली आहेत. वॉलरसच्या दातापासून त्यांनी केलेल्या खंजिराच्या मुठींचे तो रसिकाच्या तन्मयतेने वर्णन करतो. आकार त्या काळी पसंतीस उतरलेला आणि 'जहांगिरी' म्हणून ओळखला जाणारा. मूठ घडवणाऱ्याचे नाव इतिहासात राहावे, हे दुर्मीळ भाग्य.

शहाजहानच्या काळापासून अशा मुठींना प्राण्यांच्या मस्तकांचे रूप मिळाले. नेफ्राइट जातीच्या जेडमध्ये कोरलेली नीलगायीच्या मस्तकाची एक मूठ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ती सुमारे 1640 ची मानली जाते. या दगडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने तो सहजी फुटत नाही, पण छिन्नीने तासताही येत नाही. अपघर्षक पूड वापरून झिजवत झिजवतच त्याला आकार द्यावा लागतो. गुळगुळीत दगड हातातून निसटेल, ही अडचण कारागिराने खरखरीत नक्षी करून सोडवली नाही, घाटाने सोडवली. प्राण्याची मान जिथे वळते तिथे तळवा टेकतो. मस्तकाचा पुढे आलेला भाग हात सरकू देत नाही. काही अश्वमुखी मुठींना आतल्या बाजूने बोटांसाठी हलक्या लाटाही असतात. त्या उथळ असतात, हे महत्त्वाचे. खोल खाचा एकाच हाताला बसतात; दुसऱ्या हाताला त्याच खुपतात. इथे अलंकार आणि उपयोग यांच्यातली रेषा दाखवता येत नाही. प्राण्याची मान हा अलंकार म्हणावा की पकड?

याला विरोधी उदाहरणेही आहेतच. रत्नांनी इतक्या मढवलेल्या मुठी आढळतात की त्या आवळून धरणाऱ्याचा तळवा दुखावेल. त्या पाहण्यासाठी होत्या. त्यांना सुंदर म्हणताना आपण दागिन्याला सुंदर म्हणत असतो, मुठीला नव्हे.

संग्रहालयात अशा वस्तू काचेआड असतात, आणि तसे असणे अपरिहार्यही आहे. परंतु काच आपल्याला केवळ प्रेक्षक करते, आणि प्रेक्षकाला दागिना लगेच दिसतो, पकड दिसत नाही. एक खूण मात्र काचेतूनही वाचता येते. लोखंडी मुठीवर बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकलेली असते. तबकडीवर, परजेवर हे सोने शाबूत दिसते. मधल्या फुगीर भागावर ते पुसट झालेले असते. सूचीत त्याची नोंद 'झीज' अशी होते, जणू तो वस्तूतला दोष आहे. वास्तविक ज्यांची नावे कुठेही उरली नाहीत अशा हातांनी मागे ठेवलेला तो एकमेव मजकूर आहे. पुढल्या वेळी तलवारीसमोर उभे राहिलो, तर सोने कुठे चमकते यापेक्षा ते कुठे गेले आहे, हे आधी पाहावे.