नव्वद नंबर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी वळवताना मागून कट-कट-कट असा आवाज आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. गाडी मित्राची. जुनी, सेकंडहँड, दोन दारांची जर्मन गाडी. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, आणि डिफरेंशिअलमध्ये मुद्दाम बसवून घेतलेलं लिमिटेड स्लिप. दोन आठवड्यांनी ती कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायची होती. म्हणजे पुण्याहून बाराशे किलोमीटर जायचं, दोन दिवस पळवायची आणि तेवढंच परत यायचं. त्या तयारीत आम्ही डिफचं तेल स्वतः बदललं होतं. इंजिनीअरिंगची डिग्री दोघांकडेही आहे, हे इथे कबूल करायला लाज वाटते.

नाना पेठेत तेल घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरून एकच प्रश्न आला होता, "नव्वद की एकशेचाळीस?" आम्ही डब्यावर 'जीएल-५' एवढं वाचलं आणि नव्वद उचलून आणलं.

ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी गाडी गोल फिरवून बघितली आणि म्हणाले, "मोडलं काही नाही रे. प्लेटा चिकटतायत. तेल चुकलंय तुमचं."

चुकलंय म्हणजे काय, हे शोधायला बसलो तो थेट समुद्रात जाऊन पोचलो.

मुळात डिफरेंशिअल लागतं कशाला? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एक फरफटणार. पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्यूर या घड्याळजीने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांचा तोडगा काढला. आजच्या रिक्षात आणि ट्रकमध्येही तत्त्व तेच आहे. त्याचा दोषही तेव्हापासूनचाच. चिखलात रुतलेली एसटी आठवा. एक चाक जागेवर गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म. दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, त्यामुळे पकड गेलेलं चाक जेवढा जोर पेलू शकतं तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो.

तेलाचा प्रश्न मात्र या गिअरमुळे उभा राहिला नाही. तो उभा केला फॅशनने. गाड्या बुटक्या दिसायला हव्या होत्या. प्रॉपेलर शाफ्ट मागच्या अॅक्सलच्या मधोमध शिरत असे, त्यामुळे गाडीचा तळ उंच ठेवावा लागे. अमेरिकेत रोचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड गिअर बनवला. त्यात पिनियन क्राऊन व्हीलच्या मध्याखाली बसतो. १९२६ मध्ये पॅकार्डने तो गाडीत घातला. शाफ्ट खाली गेला, गाडी बुटकी झाली, गिअरचा आवाजही कमी झाला. पण हायपॉइडचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत जातात. साध्या तेलाचा थर तिथे टिकतच नाही, लोखंडाला लोखंड चिकटून दात सोलले जातात.

मग केमिस्ट लोकांनी तेलात गंधक घातलं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. दात जिथे तापतात नेमकं तिथेच गंधक लोखंडाशी संयोग पावतं आणि एक पातळ थर तयार होतो. दातांऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर येणारा तो घाणेरडा वास या गंधकाचा. 'ईपी नव्वद'मधलं ईपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, हेही मला तिशीला टेकल्यावर कळलं. जास्त गंधक म्हणजे जास्त चांगलं तेल, असं मात्र नाही. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना गंधक खाऊ शकतं. म्हणून जीएल-४ आणि जीएल-५ अशा वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पाच हा आकडा चारपेक्षा मोठा असला तरी ते चारचं नवं व्हर्जन नव्हे. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे दोनदा वाचावं.

इकडे रेसिंगवाल्यांची अडचण वेगळी होती. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शने ऑटो युनियनसाठी सोळा सिलिंडरची रेसकार बनवली. तिच्यात ताकद इतकी की भर वेगातही मागचं एक चाक जागच्या जागी फिरायचं. त्यावर झेडएफ कंपनीने एका चाकाला मोकाट सुटू न देणारं डिफरेंशिअल करून दिलं. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लच प्लेटा असलेली लिमिटेड स्लिप रस्त्यावरच्या गाड्यांतही आली, आणि तेलवाल्यांची पंचाईत झाली. गिअरच्या दातांना घर्षण नकोय. प्लेटांना घर्षण हवंय, पण शिस्तीतलं. सुटतानाचं घर्षण सरकतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असलं की प्लेटा चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. आमची कट-कट हीच. एकाच हौसिंगमध्ये, एकाच तेलात दोन्ही मागण्या पुऱ्या करायच्या होत्या.

आणि इथे व्हेल येतो. स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं तेल आपल्या गोडेतेलासारखं नसतं, ते रासायनिकदृष्ट्या बव्हंशी पातळ मेण असतं. थंडीत फारसं घट्ट होत नाही, उष्णतेला टिकतं, आणि त्याचे लांबट रेणू धातूवर गालिच्यासारखे चिकटून बसतात. त्याला गंधकाची जोड दिली की दातही वाचतात आणि प्लेटाही शहाण्यासारख्या वागतात. दिव्यांसाठी व्हेल मारणं रॉकेलमुळे कमी झालं, असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात स्पर्म व्हेल आधीपेक्षा जास्त मारले गेले, आणि त्या तेलाच्या गिऱ्हाइकांमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि डिफरेंशिअलही होते. म्हणजे ज्या मसल कारचे फोटो मी कॉलेजात असताना वॉलपेपर म्हणून लावायचो, त्यांच्या तळाशी हे तेल असण्याची बरीच शक्यता आहे. तो फोटो मी आता काढला आहे, असं लिहायला बरं वाटलं असतं. काढलेला नाही.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकला आणि या तेलाची आयात बंद झाली. पर्यायी तेलं आली, पण ती लगेच जमली नाहीत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडल्याच्या तक्रारी त्या दशकात वाढल्या. रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तसे लांब रेणू घडवले. वाळवंटी होहोबाच्या बियांमध्ये जवळपास तसंच मेण सापडलं, म्हणून ते झुडूप पुढे राजस्थानातही लावलं गेलं. डब्यावर बारीक अक्षरात 'फ्रिक्शन मॉडिफायर' किंवा 'एलएस' लिहिलेलं असतं, ती या व्हेलच्या जागी आलेली मंडळी. व्हेलच्या उलटीची तस्करी पकडल्याच्या बातम्या आपल्याकडे पुण्यापासून कोकणापर्यंत अधूनमधून येतात. ती अंबरग्रीस म्हणजे याच प्राण्याच्या पोटातली. त्या वाचून आपण हसतो, शेअर करतो आणि पुढे जातो.

आपल्या रस्त्यांवर यातलं फारसं पोचलं नाही. अॅम्बेसेडर आणि कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, दोन्हीत साधं उघडं डिफरेंशिअल. त्याला नव्वद नंबर पुरत होता, म्हणून नव्वद नंबर हेच तेलाचं नाव झालं. नाना पेठेतला तो प्रश्न चुकीचा नव्हता. तो आमच्या गाडीसाठी नव्हता, एवढंच. आणि आमची गाडी कोणती हे सांगायचं काम आमचं होतं.

मग आम्ही काय घातलं? ट्रॅकवर डिफ तापतं. रस्त्यावर हवा लागून तेलाला थंड व्हायला सवड मिळते, तिथे वीस मिनिटं सलग ब्रेक, वळण, पूर्ण अॅक्सिलरेटर. तापलेलं तेल पातळ होतं आणि दातांमधला थर विरतो. म्हणून ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक घेतलं. मित्राचं म्हणणं होतं की ७५डब्ल्यू-९० पुरे, कारण जाड तेल घुसळण्यातच ताकद जाते आणि त्याचीही उष्णता होते. तो अगदी चूक नव्हता. रोज ऑफिसला न्यायची गाडी असती तर मी त्याचं ऐकलं असतं. फ्रिक्शन मॉडिफायरची बाटली वेगळी आणली आणि काकांच्या सांगण्यावरून आधी अर्धीच ओतली. ते जास्त झालं तर आवाज जातो, पण प्लेटा घसरायला लागतात, आणि मग एवढे पैसे घालून लिमिटेड स्लिप बसवलं कशाला?

जुनं तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा जमला होता. काकांनी तो बोटांत चोळून पाहिला, खडा लागला नाही, तेव्हा कुठे आमचा जीव खाली आला. नवं तेल भरून मोकळ्या प्लॉटवर संथपणे इंग्रजी आठचे आकडे काढले, तेल प्लेटांमध्ये शिरावं म्हणून. सातव्या-आठव्या फेरीला कट-कट थांबली.

त्या दिवशी घरी गेलो तर बाबांनी दारातच विचारलं, "डिफचं तेल बदललंस का?" पद्मिनी विकून त्यांना वीस वर्षं झाली.