विद्वत्परिषदेचें दार आणि वकिलातीचा शिक्का

झ्यूरिक येथें १८९७ सालीं गणितज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां युरोपांतील बऱ्याचशा देशांतून पासपोर्टावांचून फिरतां येत असे. १९१४ च्या महायुद्धानें ती मोकळीक संपविली. शत्रूच्या हेरांस अडविण्यासाठीं व्हिसाची, म्हणजे परक्या वकिलातीच्या प्रवेश-शिक्क्याची, सक्ती आली ती शांतता झाल्यावरहि उठली नाहीं. १९२० व १९२४ च्या परिषदांतून जर्मन गणितज्ञांस वगळलें तें मात्र खुद्द विद्वानांनींच; तो दोष कोणत्याहि वकिलातीच्या माथीं मारतां येत नाहीं!

शिक्क्याचा खरा प्रताप दिसला तो १९५० सालीं. १९४० ची परिषद युद्धामुळें राहिली होती. ती दहा वर्षांनीं अमेरिकेंत, केंब्रिज येथें हार्वर्ड विद्यापीठांत भरावयाची होती. सोव्हिएट विद्वानांनाहि बोलावणें गेलें. नित्याच्या कामांत गुंतल्यामुळें येणें शक्य नाहीं, असें त्यांच्या अकादमीनें तारेनें कळविलें. त्या उत्तराला व्हिसा लागला नाहीं.

फ्रान्समधून यावयाचे होते नान्सीचे प्राध्यापक लोराँ श्वार्त्झ. त्यांना फील्ड्स पदक जाहीर व्हावयाचें होतें. परंतु ते पूर्वीं ट्रॉट्स्कीपंथी होते. १९४७ सालीं त्यांनीं तो पक्ष सोडला होता, तरी परकीय क्रांतिवाद्यांस मज्जाव करणाऱ्या कायद्यापुढें त्याचा उपयोग होईना. दुसरे जाक हादामार, वय ८४, परिषदेचे सन्मान्य अध्यक्ष. त्यांचे दोन पुत्र पहिल्या महायुद्धांत व तिसरा दुसऱ्या महायुद्धांत गेला. १९४१ सालीं हिटलरच्या भयानें देश सोडलेल्या याच वृद्धास अमेरिकेनें आश्रय दिला होता. कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं शिकविलेंहि होतें. आतां डाव्या मतांबद्दल सहानुभूति दाखविल्यावरून त्यांच्याच प्रवेशास हरकत!

येथें फ्रेंच गणितज्ञांनीं जें केलें तें मला त्या परिषदेंतील कोणत्याहि प्रबंधाइतकें मोलाचें वाटतें. या दोघांस व्हिसा मिळत नसेल तर आमच्यापैकीं कोणीहि येणार नाहीं, असें त्यांनीं बजावलें. अमेरिकेंतील गणितज्ञांनींहि आपल्या सरकारकडे रदबदली केली. फ्रेंच मंडळी घरीं बसली असती, तर पदक घेणाराच सभागृहांत नाहीं, असा देखावा झाला असता. निघण्याची वेळ जवळ येऊन ठेपली, तेव्हां शिक्के मिळाले.

३० ऑगस्टला परिषद सुरू झाली. हादामार आले होते. डेन्मार्कचे हॅराल्ड बोर यांनीं पदकविजेत्यांच्या कार्याचा परिचय करून दिला. दुसरें पदक नॉर्वेच्या आत्ले सेल्बर्ग यांस मिळालें. ते अगोदरपासूनच प्रिन्स्टन येथें राहात असल्यामुळें त्यांना दाराशीं थांबावें लागलें नव्हतें.