वेष्टन, चंदवा आणि कलाबतू
(जुन्या भरतकामाचा इतिहास आणि संग्रहालये)

शास्त्रभांडार उघडले की प्रथम हाती येते ते वस्त्र. वेष्टन सोडल्याशिवाय पोथी दिसत नाही, आणि पोथी दिसू लागली की वेष्टनाकडे कोणाचे लक्ष राहत नाही. हस्तलिखितांच्या सूच्यांतही ग्रंथाचे नाव, कर्ता, पत्रसंख्या, लेखनकाल अशी नोंद असते. ज्या कापडात तो ग्रंथ शेकडो वर्षे सुरक्षित राहिला, त्या कापडाची नोंद सहसा नसते. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यामुळे कारंजा (लाड) येथील शास्त्रभांडारांचे वैभव विद्वानांसमोर आले आणि पुढे तेथील अपभ्रंश ग्रंथ छापले गेले. शब्द वाचले, ही विदर्भातील जैन समाजाला भूषणावह गोष्ट आहे. वस्त्राचा इतिहास मात्र लिहावयाचा राहिला. आज तो प्रामुख्याने संग्रहालयांतून शोधावा लागतो.

धर्मकार्यातील भरतकाम

जैन परंपरेत साधूचे जीवन जितके अपरिग्रही, तितकीच श्रावकाने जिनमंदिरासाठी केलेली सजावट भरजरी, असे दृश्य दिसते. श्वेतांबर परंपरेत मूर्तीच्या अथवा गुरूंच्या मागे लावावयाचा पुठिया, वर बांधावयाचा चंदरवा, उजमण्याच्या प्रसंगी मांडावयाचे छोड, दारावरचे तोरण, पोथीचा रुमाल आणि ओघ्याच्या दांड्याभोवतीचे अष्टमंगलांकित वस्त्र ही सर्व भरतकामाची क्षेत्रे होती. दिगंबर परंपरेत व्रतोद्यापनाच्या वेळी चंदवा, छत्र, चामर आणि शास्त्राचे वेष्टन अर्पण करण्याची प्रथा आहे.

जुने वस्त्र कोणत्या परंपरेचे, हे पुष्कळदा त्यावरील आकृतीच सांगतात. माता त्रिशलेची चौदा स्वप्ने असतील तर ते श्वेतांबर, सोळा असतील तर दिगंबर. अष्टमंगलांतही भेद आहे. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मत्स्ययुग्म आणि दर्पण ही श्वेतांबर परंपरेतील अष्टमंगले होत. दिगंबर परंपरेत भृंगार, कलश, दर्पण, चामर, ध्वज, व्यजन, छत्र आणि सुप्रतिष्ठ यांची गणना होते. संग्रहालयातील अभ्यासक याच खुणांवरून वस्त्राची ओळख पटवितात. घरातील साध्या श्राविकेलाही त्या ओळखता येतात.

आरी, सुई आणि तार

गुजरातच्या प्रसिद्ध भरतकामाचा उगम एका अनपेक्षित व्यवसायात आहे. चामडे शिवणाऱ्या मोची कारागिरांची आरी बारीक करून तिच्या टोकाला आकडा दिला, की तिने कापडावर अखंड साखळी टाका घालता येतो. कापड चौकटीवर ताणलेले असते. एक हात खालून धागा पुरवितो आणि दुसरा वरून आरीने तो ओढून घेतो. कच्छमधील मोची-भरत या नावाने ही कला ओळखली जाते. राजदरबार आणि श्रीमंत व्यापारी हे तिचे आश्रयदाते होते. चामड्याच्या वस्तू टाळणाऱ्या समाजातही चामड्याच्या हत्याराने घडलेली कला आदरास पात्र ठरली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याखेरीज काठेवाडात काचेच्या रंगीत मण्यांचे मोतीभरत एकोणिसाव्या शतकात बहरले. त्यातील मणी समुद्रमार्गे युरोपातून येत.

सोनेरी कामासाठी लागे ती कलाबतू. चांदीच्या कांबीवर सोन्याचा मुलामा देऊन ती उत्तरोत्तर बारीक छिद्रांतून ओढीत, तिची केसासारखी तार करीत, ती चपटी करून रेशमी धाग्याभोवती गुंडाळीत. सोनेरी तारेच्या आतील धागा पिवळा आणि रुपेरी तारेच्या आतील पांढरा ठेवण्याची रीत होती, म्हणजे झीज झाली तरी रंग उघडा पडत नसे. चपट्या तारेला बादला म्हणतात. धाग्यांबरोबर ती विणून गोटा तयार होतो. आज बोलीत ‘लेस’ म्हटले जाणारे पुष्कळसे जुने काम वस्तुतः गोटा-किनारीचे असते. युरोपीय संग्रहालयांत लेस म्हणून जपलेली वस्तू निराळी. सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्स येथे विकसित झालेली ती केवळ धाग्यांची जाळी असून तिला मूळ कापड नसतेच. सुरत हे जरीचे मोठे केंद्र होते. बऱ्हाणपूरच्या जरीकाठी तलम वस्त्रांना इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत मागणी असल्याचे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नमूद केले आहे. पैठण आणि येवल्याची जरी महाराष्ट्राच्या परिचयाची आहेच.

खंभातहून लंडनपर्यंत

गुजरातेत सोन्याचांदीच्या तारांनी भरलेल्या चामड्याच्या सुंदर चटया होतात, असे तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा याला खंभातच्या पलंगांवरील नक्षीदार आच्छादनांनी मोहित केले. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत वखार घातली आणि गुजरातचे रेशमी भरतकाम इंग्रजी घरांतील शयनगृहांत पोहोचले. या व्यापारात जैन वणिकांचा वाटा मोठा होता. सुरतेचे विरजी व्होरा हे त्यांतील सर्वांत ख्यातनाम नाव.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या इतिहासाचे दोन उत्कृष्ट नमुने आहेत. पहिला म्हणजे जहांगीरकालीन बिनबाह्यांचा अंगरखा. पांढऱ्या साटिनवर रेशमी साखळी टाक्याने वृक्ष, फुले, मोर, हरणे आणि सिंह असे चित्रच भरलेले आहे. संग्रहालयाने तो १९४७ मध्ये मिळविला, आणि टाक्यावरून तो गुजराती कारागिरांच्या हातचा मानला जातो. दुसरा म्हणजे इंग्लंडमधील ॲशबर्नहॅम येथील वाड्यातील पलंगाचे पडदे. सुमारे १७०० मधील हे काम सुती कापडावरील आहे. दोन्ही वस्त्रे अप्रतिम आहेत, परंतु ती भरणाऱ्या एकाही हाताचे नाव कोणास ठाऊक नाही.

भारतातील संग्रहालये

भारतीय वस्त्रांसाठी स्वतंत्र संग्रहालय असावे, ही सूचना कलामीमांसक आनंद कुमारस्वामी यांनी केली होती. अहमदाबादच्या साराभाई या जैन उद्योजक कुटुंबाने ती मनावर घेतली. गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांच्या प्रयत्नांतून १९४९ मध्ये कॅलिको म्युझियम ऑफ टेक्स्टाइल्स उभे राहिले आणि १९८३ मध्ये ते शाहीबागेतील कुटुंबाच्या वास्तूत हलविण्यात आले. जॉन अर्विन आणि मार्गारेट हॉल यांनी तेथील भरतकामावर लिहिलेला ग्रंथ १९७३ मध्ये निघाला. आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. अहमदाबादच्याच लालभाई दलपतभाई संग्रहालयात मणीकामाचा संग्रह आहे.

महाराष्ट्रात पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हा मोठा आदर्श होय. चष्म्यांचे दुकान चालविणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून घरोघरच्या जुन्या वस्तू जमविल्या. दिवे, अडकित्ते, वाद्ये यांबरोबर वस्त्रेही त्यांनी वाचविली. अकाली गेलेल्या पुत्राच्या, राजाच्या, नावाने उभारलेला हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका सामान्य गृहस्थाने आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी केलेले हे कार्य आहे, हे विशेष.

वर्धा जिल्ह्यालाही वस्त्राचे संग्रहालय लाभले आहे, परंतु ते साध्या वस्त्राचे. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरखा, खादी आणि ग्रामोद्योग हा त्याचा विषय. या जिल्ह्यातील कापूस १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेने मुंबईकडे जाई आणि गिरणीचे कापड होऊन परत येई. सिंदीच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द ज्या मार्गाने आणला, त्याच मार्गाने सुरतेची जरी आणि काठेवाडी तोरणेही विदर्भाच्या बाजारपेठांत येऊ शकली. पोळ्याच्या झुलीपासून मंदिरातील चंदव्यापर्यंत भरलेल्या कापडाला येथील जीवनात स्थान मिळाले.

टाक्यांतील लेख

दरबारी अंगरख्यावर नाव नसते. जैन धर्मवस्त्रावर मात्र ते पुष्कळदा असते. चंदवा किंवा पुठिया अर्पण करताना संवत, तिथी, गाव, दात्याचे व कुटुंबीयांचे नाव, व्रताचे निमित्त आणि कधी उपस्थित मुनिराजांचे नाव काठावर टाक्यांनीच लिहून ठेवण्याची रीत होती. मूर्तीच्या पीठावरील लेखाप्रमाणेच हा लेख प्रमाण मानावा लागतो. विक्रम संवतातून ५६ किंवा ५७, वीर निर्वाण संवतातून ५२६ किंवा ५२७ वजा केले आणि शकवर्षात ७८ किंवा ७९ मिळविले की इसवी सन मिळतो. एखाद्या गावात समाज केव्हा आला, कोणत्या घराण्याने कोणते व्रत पूर्ण केले, हे अन्यत्र कोठेही नसलेले उत्तर अशा काठावर सापडू शकते. या लेखांत स्त्रियांचीही नावे येतात, कारण व्रत त्यांचे असते. वहीखात्यात किंवा कोनशिलेवर न आलेली आजी-पणजी येथे नावानिशी भेटते.

नाश कसा होतो

इतके मूल्यवान वस्त्र नाहीसे होण्याची कारणे साधी आहेत. पहिले कारण त्यातील चांदी. खरी जरी जाळली की चांदी हाती लागते, म्हणून जुने जरीकाम वजनावर विकले गेले. महाराष्ट्रातील किती शालू आणि शेले बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्यांच्या बदल्यात भांडी घरात आली, याची गणतीच नाही. दुसरे कारण भक्तीच. जुने, विटलेले वस्त्र देवापुढे नको, या भावनेने नवा चंदवा येतो आणि जुना अडगळीत जातो. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, अथवा कार्तिक शुद्ध ज्ञानपंचमीला पोथ्यांची स्वच्छता होऊन नवी वेष्टने बांधली जातात. शास्त्राच्या सन्मानाचा हा दिवस पुष्कळदा जुन्या वेष्टनाचा शेवटचा दिवस ठरतो.

येथे रेशमाचा प्रश्नही उपस्थित होतो. रेशीम काढताना कोशातील जीव मारले जातात, म्हणून अनेक श्रावक पूजेत रेशमी वस्त्र वापरीत नाहीत, आणि नव्या वस्त्राबाबत हा विवेक योग्यच आहे. परंतु जुने वस्त्र नष्ट केल्याने कोणत्याही जीवाला अभय मिळत नाही. नष्ट होते ते पूर्वजांचे नाव. ते वापरातून काढावे, पण जतन करावे, हा मध्यममार्ग दोन्ही कर्तव्यांना न्याय देणारा आहे.

जतनाची दिशा

संग्रहालयांतील शास्त्रोक्त जतनाचे मूलभूत नियम कोणत्याही मंदिराला पाळता येण्याजोगे आहेत. जुने भरतकाम धुऊ नये, त्यावर इस्त्री फिरवू नये. काळवंडलेली जरी चिंच, लिंबू अथवा पॉलिशने उजळू नये. घडीवर धागे तुटतात, म्हणून वस्त्र धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडासह नळीवर गुंडाळावे व भरलेली बाजू बाहेर ठेवावी. जड जरदोजी काम सपाट ठेवावे. प्लॅस्टिकची पिशवी दमटपणा धरते, म्हणून ती टाळावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. सूर्यप्रकाश आणि दिव्याची काजळी यांपासून वस्त्र दूर असावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर ते उघडून सावलीत पाहावे. स्वच्छ आणि कोरड्या जागी कसर लागत नाही, आणि जीवहिंसेचा प्रसंगही येत नाही. जतनासाठी वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही. श्रुतपंचमी आणि ज्ञानपंचमी हे दिवस परंपरेनेच दिले आहेत.

त्याच दिवशी एक नोंदवही सुरू करता येते. वस्त्राची लांबी-रुंदी, त्यावरील आकृती, काठावरील लेख अक्षरशः, दात्याविषयी वडीलधाऱ्यांना असलेली माहिती आणि एक छायाचित्र एवढे पुरेसे आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने असे वस्त्र पुरावस्तू ठरू शकते आणि ते खासगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही, ही गोष्टही विश्वस्तांनी ध्यानात ठेवावी.

लंडनच्या अंगरख्याजवळ आज सर्व काही आहे: काचेचे कपाट, मंद प्रकाश, जगभरचे अभ्यासक. नाही ते फक्त नाव. विदर्भातील एखाद्या मंदिराच्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या चंदव्याजवळ यांपैकी काहीच नसेल, पण नाव आणि तिथी असण्याचा संभव आहे, आणि ते नाव ओळखणारी माणसेही अद्याप गावात आहेत. ती माणसे आहेत तोवर पेटी उघडली पाहिजे.