स्तनभार आणि शस्त्रवैद्य

कांहीं दुःखें अशीं असतात, कीं तीं बोलून दाखविण्याचीही सोय समाजानें ठेवलेली नसते. स्तनांचा अतिभार हें त्यांपैकींच एक होय. मान, खांदे व पाठ वर्षानुवर्षें दुखतात, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनीं खांद्यांवर खाचा पडतात, स्तनांखालची त्वचा उन्हाळ्यांत चिघळते. तरीही हें सोसणारीची तक्रार चोचल्यांत जमा होते. वैद्यकानेंही तिची दाद किती उशिरां घेतली, हें या शस्त्रक्रियेच्या इतिहासावरून आम्हांस कळून येतें.

आश्चर्य हें, कीं तिचें जुनें वर्णन सांपडतें तें पुरुषांसंबंधीं! सातव्या शतकांतील ग्रीक वैद्य, एजिना बेटाचा पॉल, यानें आपल्या सात भागांच्या ग्रंथांत पुरुषाचे वाढलेले स्तन कमी करण्याची रीत दिली आहे : स्तनाखालीं चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, मेद काढावा व टांके घालावे. पुरुषास बायकीपणाचा कलंक लागूं नये, हें त्याचें कारण. पुरुषाची लाज शस्त्रास पात्र ठरली. स्त्रीच्या पाठदुखीचा पद्धतशीर विचार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोठें सुरू झाला.

या विलंबास केवळ उपेक्षाच कारण झाली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. 1846 मध्यें ईथरची भूल व 1867 मध्यें लिस्टरची जंतुनाशनाची पद्धति पुढें येईपर्यंत मोठी चिरफाड म्हणजे प्राणाशींच गांठ होती. त्यानंतरही एक कोडें उरलें. मेद व त्वचा काढून स्तनाग्र वर बसवावयाचें, तर त्यास रक्त कोठून मिळावें? 1922 मध्यें शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनीं स्तनाग्र सर्वस्वी कापून नव्या जागीं कलमासारखें लावण्याची रीत मांडली. तें जगे, पण संवेदना बहुधा जाई व स्तनपान अशक्य होई. 1930 मध्यें श्वार्ट्समन यांनीं स्तनाग्राभोंवतींच्या त्वचेचा आंतला थर शाबूत राखून रक्त वाहतें ठेवण्याचा उपाय सुचविला. पुढील बहुतेक पद्धती स्तनाग्राचा असा जिवंत देठ राखण्याच्याच तत्त्वावर उभ्या आहेत.

देठाचें हें तत्त्व आपल्याकडे अनोळखी नव्हतें. 1793 च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नांवाच्या गाडीवानाचें कापलेलें नाक कपाळाच्या त्वचेनें पुनः घडविण्यांत आलें. ती त्वचा भुवयांमधील देठाशीं जोडलेली ठेविली म्हणूनच जगली. ही हकीकत 1794 मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापून आली. अवयव निराळा, परंतु मर्म एकच : देठ तुटूं द्यावयाचा नाहीं.

मग आज ही शस्त्रक्रिया करून घेणारीनें कशाची अपेक्षा ठेवावी? पूर्ण भूल, साधारण दोन ते चार तासांचें काम, आणि पुढें कांहीं आठवडे जड उचलण्यास मनाई. देठांतील रक्तप्रवाह मंदावूं नये म्हणून धूम्रपान आधींच सोडावें लागतें. बहुतेकींचे खांदे व पाठ हलकीं होतात. परंतु व्रण फिकट झाले तरी जन्मभर राहतात, संवेदना घटूं शकते, आणि देठ राखूनही पुढें मुलास अंगावर पाजतां येईलच, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. हा जमाखर्च जिचा तिनेंच मांडावयाचा आहे. घरच्यांनीं निदान तिचें दुखणें हें दुखणेंच आहे, एवढें आधीं मान्य करावें, असें आम्हांस वाटतें. शस्त्रवैद्यांस तें उमजण्यास शतकें लागलीं. घरास तितका अवधि लागूं नये.